जुना ८०७ मोर्सवर आणताना: आधी खरा डिप, मग स्वच्छ सूर

प्रश्न असा आलाय. साताऱ्यात शाहूपुरीत राहणाऱ्या, जनरल परवाना हातात पडलेल्या एका तरुण हॅमकडे (हौशी रेडिओवाल्याकडे) मामांचा सेट आलाय. ६व्ही६ व्हॉल्व्हचा क्रिस्टल ऑसिलेटर (मूळ फ्रीक्वेन्सी तयार करणारा भाग), पुढे ८०७ व्हॉल्व्हचा फायनल (ताकद वाढवणारा शेवटचा टप्पा), ५आर४ रेक्टिफायरवर सहाशे व्होल्टचा सप्लाय, तारऑफिसातली पितळी की दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये जोडलेली, आणि सोबत आरसीएचा एआर८८डी रिसीव्हर. सेट सांगलीच्या गावभागात माळ्यावर पडून होता. २०१९ च्या महापुरात पाणी माळ्याला लागलं नाही, पण घर कित्येक दिवस ओलंच होतं. आता ७०२५ किलोहर्ट्झचं क्रिस्टल लावून सेट चालू केला. प्लेटचा गँग (फिरवून कपॅसिटी बदलायचा कंडेन्सर) जवळजवळ पूर्ण उघडा असताना डिप मिळतो, म्हणजे प्लेटचा करंट एकदम पडतो, साठ वॉटचा बल्बही उजळतो. पण कराडचा मित्र म्हणतो सिग्नल अगदी बारीक आहे आणि टोन चिवचिवतो. दोन मिनिटांत ८०७ ची प्लेट लालसर दिसायला लागते. "फायनल व्हॉल्व्ह बदलू का?"

नका बदलू. तुमचा ८०७ बहुतेक ठणठणीत आहे आणि तुम्ही त्याला ७ च्या ऐवजी दुप्पट, १४ मेगाहर्ट्झवर राबवताय. गँग उघडा असताना मिळणारा डिप, बारीक सिग्नल, लाल प्लेट, तिन्ही गोष्टी तेच सांगतात. चिवचिवीचं दुखणं मात्र वेगळं आहे, ते ऑसिलेटर आणि सप्लायमध्ये शोधायचं. दोन्हींचं सविस्तर खाली लिहितो. त्याआधी सप्लायबद्दल, कारण जिवाशी गाठ तिथे आहे.

सहाशे व्होल्ट डीसी हात झटकू देत नाही, धरून ठेवतो. सेट बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर रिकामे करायचं काम ब्लीडर रेझिस्टन्सचं असतं. समजा एकूण वीस मायक्रोफॅरड आहेत आणि पन्नास हजार ओहमचा ब्लीडर आहे, तर पाच-सहा सेकंदांत व्होल्टेज जवळपास शून्यावर यायला हवं. ब्लीडर आतून तुटलेला असेल तर तोच चार्ज तासन् तास तसाच बसून राहतो, आणि जुन्या सेटमध्ये सगळ्यात आधी जाणाऱ्या वस्तूंपैकी ब्लीडर एक आहे, कारण तो सतत तापतो. म्हणून प्लग काढा, मीटरने एचटी (हाय टेन्शन, म्हणजे ते सहाशे व्होल्ट) मोजा, कोरड्या लाकडी दांड्याला बांधलेल्या रेझिस्टन्सच्या तारेने कंडेन्सर चॅसीला टेकवा, पुन्हा मोजा, मगच हात घाला. चालू सेटमध्ये काही मोजायचंच असेल तर डावा हात खिशात. ही सवय म्हाताऱ्या हॅमची खोड वाटेल, पण आम्ही म्हातारे झालो ते तिच्यामुळेच.

तुमच्या मामांनी एचटीला साडेचारशे व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये लावले असणार. प्रत्येकावर बरोबरीचा रेझिस्टन्स आहे ना, तो पाहा. नसेल तर व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जात नाही आणि कमकुवत असेल तो फुटतो. एवढ्या जुन्या इलेक्ट्रोलिटिकला हळूहळू व्होल्टेज चढवून पुन्हा 'शिकवता' येतं, तशी पद्धत आहे. पण नवे कंडेन्सर स्वस्त आणि निम्म्या आकाराचे मिळतात. जुन्याचं डबडं शोभेला चॅसीवर राहू द्या, त्याच्या तारा सोडवा आणि नवे खाली बसवा. व्हेरिअ‍ॅकने (मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढवायचंच ठरवलंत तर एक ध्यानात घ्या: ५आर४ ला फिलामेंट नीट तापल्याशिवाय वाहता येत नाही, त्यामुळे व्हेरिअ‍ॅक अर्ध्यावर असेपर्यंत एचटी जवळजवळ शून्य राहते आणि मग एकदम उसळते. त्या कामापुरते रेक्टिफायरच्या जागी सिलिकॉन डायोड लावा, एका बाजूला तीन १एन४००७ सिरीजमध्ये. आणि ५आर४ गेला म्हणून त्याच खोबणीत बसतो तो ५यू४ लावू नका. पिना जुळतात, पण या व्होल्टेजला तो आत ठिणगी मारतो.

पुराच्या दमट हवेत राहिलेला ट्रान्सफॉर्मर आधी सुकवा. सगळे व्हॉल्व्ह काढून, प्लगच्या आधी सिरीज बल्ब लावून, बंद खोक्यात चाळीस वॉटचा बल्ब जळत ठेवून दोन-तीन दिवस. मग ५०० व्होल्टच्या मेगरने प्रायमरी-चॅसी आणि सेकंडरी-चॅसी इन्सुलेशन तपासा. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर असतोच, पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर फिलामेंट व्होल्टेज थेट व्हॉल्व्हच्या पिनेवर मोजा. जुन्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी २२० ची असेल आणि तुमच्या घरी रात्री २४५ येत असतील, तर ६.३ च्या जागी ७ व्होल्ट होतात. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्याने घटतं. एआर८८ च्या ट्रान्सफॉर्मरला टॅप आहेत, योग्य टॅप निवडला की झालं. ट्रान्समीटरला टॅप नसतील तर व्हेरिअ‍ॅक.

रिसीव्हर आधी बोलता करा, कारण ट्रान्समीटरचं खरंखोटं तोच सांगणार आहे. एआर८८डी हा पंचेचाळीस किलोच्या आसपासचा, चौदा व्हॉल्व्हचा, ५३५ किलोहर्ट्झपासून ३२ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा गडी. एकट्याने उचलू नका. त्याचे तेल-कागदाचे बंद डबीतले कंडेन्सर गळतात, हे त्याचं जगजाहीर दुखणं. आवाज फाटका येत असेल, आऊटपुट व्हॉल्व्ह जास्त तापत असेल, तर त्याच्या ग्रिडवर व्होल्टेज मोजा. तिथे किंचितही पॉझिटिव्ह दिसलं तर अलीकडचा कपलिंग कंडेन्सर गळका आहे. अभ्रकाचे कंडेन्सर शक्यतो हलवू नका. आयएफच्या (मधल्या फ्रीक्वेन्सीच्या) ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू तर अजिबात फिरवू नका. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या रिसीव्हरांचं निम्मं दुखणं कुणीतरी आधी उत्साहाने फिरवलेल्या स्क्रूंचंच असतं. डायल खरी आहे का ते पाहायला आकाशवाणी सांगलीची १२५१ किलोहर्ट्झची खूण आमच्या पिढीने वापरली. शॉर्टवेव्हवर चीनचं बीपीएम हे वेळेचे ठोके देणारं स्टेशन ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर आहे, ते १० वर रात्री आपल्याकडे सहसा लागतं.

मोर्स ऐकताना बरेच जण हा रिसीव्हर रेडिओसारखा चालवतात आणि मग म्हणतात, जुना आहे, वेगळं करत नाही. मोर्ससाठी त्याची मांडणीच उलटी असते. मुख्य स्विच सीडब्ल्यूवर (म्हणजे मोर्सवर). एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय) बंद. ऑडिओ गेन बऱ्यापैकी वर, आणि आरएफ गेन खाली, इतका की मागचा खरखराट जेमतेम ऐकू येईल. आवाज कमी-जास्त आरएफ गेननेच करायचा. एव्हीसी चालू ठेवलीत तर दोन अक्षरांमधल्या प्रत्येक फटीत रिसीव्हर खरखराट उचलतो. मग एक स्थिर सिग्नल पकडा, बीएफओचा (मोर्सला ऐकू येणारी शिट्टी देणाऱ्या ऑसिलेटरचा) खुंटा फिरवून शिट्टी खाली खाली आणत शून्यावर आणा, आणि तिथून एका बाजूला सातशे-आठशे सायकलवर (हर्ट्झवर) सोडा. आता सिलेक्टिव्हिटीचा खटका क्रिस्टल असलेल्या जागांवर न्या. डायल हळूच फिरवलीत तर तोच सिग्नल शून्याच्या एका बाजूला दणदणीत आणि दुसऱ्या बाजूला जवळपास गायब व्हायला हवा. झाला, तर तुमच्या हातात आजच्या महागड्या सेटशी मोर्सपुरती तरी बरोबरी करणारी वस्तू आहे. हेडफोनवर ऐका, एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर घरात बंद करून ऐका. जुना रिसीव्हर बहिरा नसतो, घरच गोंगाटाचं झालंय.

आता ट्रान्समीटर. बल्बावर ट्यून करायची प्रथा जुनी आहे आणि तिनेच तुम्हाला फसवलंय. २३० व्होल्टचा साठ वॉटचा बल्ब पूर्ण तापल्यावर जवळपास नऊशे ओहमचा असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तो उजळतो, मन भरतं, पण तुमच्या केबलचे पन्नास ओहम त्याच्यात कुठेच नसतात. शिवाय बल्ब ७ आणि १४ मध्ये फरक करत नाही. कार्बन फिल्मचे एक हजार ओहमचे, दोन वॉटचे वीस रेझिस्टन्स घ्या, तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये समांतर सोल्डर करा. पन्नास ओहम, चाळीस वॉट. तारेच्या गुंडाळीचे वायरवाउंड घेऊ नका, ते इंडक्टन्स दाखवतात. याला डमी लोड म्हणायचं आणि सेट पूर्ण ताब्यात येईपर्यंत अँटेना बाहेरच राहू द्यायची.

सुरुवात ग्रिडपासून. ८०७ ची प्लेट कॅप काढून नुसतं ड्राइव्ह (ऑसिलेटरकडून ग्रिडला मिळणारी ताकद) पाहायचा मोह होईल, तसं करू नका. प्लेटला व्होल्टेज नाही आणि स्क्रीनला आहे, अशा स्थितीत सगळा करंट स्क्रीन ओढते, लाल होते आणि व्हॉल्व्ह जातो. प्लेट आणि स्क्रीन दोन्हींचा एचटी तोडा, मग की दाबून ग्रिड करंट पाहा. तीन ते चार मिलीअँपिअर हवेत. दोनच्या खाली असेल तर ड्राइव्ह कमी आहे, आणि लाल प्लेटचं ते दुसरं संभाव्य कारण. ग्रिडलीक बायसवर (ड्राइव्हमधूनच मिळणाऱ्या निगेटिव्ह व्होल्टेजवर) चालणाऱ्या ८०७ ला ड्राइव्ह मिळालं नाही तर त्याला लगामच राहत नाही. क्रिस्टल मधेच थांबलं तरी तेच होतं. म्हणून पूर्वी काळजीवाले लोक ६वाय६ चा क्लॅम्प (ड्राइव्ह थांबताच स्क्रीनचं व्होल्टेज पाडणारा व्हॉल्व्ह) लावत किंवा थोडा कायमचा निगेटिव्ह बायस देत. तुम्हीही द्या. याच वेळी आणखी एक तपासणी उरकून घ्या: एचटी तुटलेला असतानाच प्लेटचा गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि ग्रिडच्या काट्यावर नजर ठेवा. काटा कुठेतरी चळला, तर प्लेटची ऊर्जा मागे ग्रिडकडे झिरपतेय. ८०७ ला खालच्या अंगाला पत्र्याची नळी आणि प्लेटच्या तारेत छोट्या रेझिस्टन्सवर चार-पाच वेढ्यांचा चोक हवा. नसेल तर आधी लावा.

आता एचटी जोडा. लोडिंगचा गँग पूर्ण मिटलेला, म्हणजे लोड कमीत कमी. प्लेटचा गँगही पूर्ण मिटलेला. तुम्ही उघड्या टोकाकडून आलात म्हणून चुकीच्या दारात शिरलात. की दाबा, प्लेटचा काटा झपकन दीडशेच्या पलीकडे जाईल, घाबरू नका पण रेंगाळूही नका. गँग हळूहळू उघडत चला. थोड्याच अंतरावर काटा एकदम कोसळेल, वीस-तीस मिलीअँपिअरवर टेकेल आणि पुढे गेलात तर तितक्याच वेगाने वर चढेल. तो ७ मेगाहर्ट्झ. जास्त कपॅसिटी म्हणजे कमी फ्रीक्वेन्सी, म्हणून मिटलेल्या बाजूने येणारा पहिला खोल डिप मूळ फ्रीक्वेन्सीचा. पूर्ण उघडण्याच्या जरा आधी दुसरा, उथळ डिप येतो, तो दुप्पट फ्रीक्वेन्सीचा. तुम्ही तिथे बसला होतात. खात्री हवी असेल तर एआर८८ ची अँटेना काढून आरएफ गेन तळाला न्या आणि १४.०५० वर ऐका, मग ७.०२५ वर. की तीन-चार सेकंदांच्या वर दाबून ठेवायची नाही, मधे दहा-पंधरा सेकंद विश्रांती. पॅनेलवर मामांच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर पुसू नका, बघा त्यांचा ४० मीटर (७ मेगाहर्ट्झचा बँड) कुठे होता.

डिप सापडला की लोडिंग. लोडचा गँग किंचित उघडा, प्लेटचा काटा वर येईल. लगेच प्लेटचा गँग फिरवून पुन्हा डिप करा. आता डिपचा तळ चाळीसवर असेल. पुन्हा लोड थोडा उघडा, पुन्हा डिप. साठ, सत्तर, ऐंशी. प्रत्येक फेरीत डिप उथळ होत जातो आणि डिप झाल्याशिवाय पुढच्या फेरीला जायचं नाही. सहाशे व्होल्टला ८०७ शंभर मिलीअँपिअर मजेत सोसतो, पण मी तुम्हाला ऐंशीवर थांबायला सांगेन. शंभर म्हणजे साठ वॉट इनपुट, ऐंशी म्हणजे अठ्ठेचाळीस. फरक जेमतेम एक डेसिबल. दूरच्या माणसाच्या मीटरवर एक एस-युनिट सहा डेसिबलचं असतं, त्याला हा फरक कळणारही नाही. तुमच्या सप्लायला मात्र कळतो, आणि तिथून आपण चिवचिवीकडे येतो.

मोर्समध्ये समोरच्याच्या कानात पोचतो तो फक्त एक सूर. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर दोरा किती सरकवावा यासाठी जितका वेळ घालवतो, तितका वेळ मोर्सवाल्याने आपल्या सुरावर घालवावा, वॉट वाढवण्यावर नव्हे. चिवचिव म्हणजे की दाबल्या क्षणी फ्रीक्वेन्सी थोडी सरकते आणि मग स्थिर होते. रिपोर्ट देताना लोक त्याला ५७९ (स्पष्टता, ताकद आणि टोन यांचे गुण) च्या पुढे 'सी' लावतात. मी आजही सी लावतो, कारण न लावणं ही शिष्टाचाराच्या नावाखाली केलेली फसवणूक आहे.

आपली चिव आपल्याला मूळ फ्रीक्वेन्सीवर नीट ऐकू येत नाही, शिवाय शेजारच्या ट्रान्समीटरने रिसीव्हर दबून त्याचाच ऑसिलेटर हलू शकतो. त्यावर जुनी युक्ती अशी: डमी लोडवर राहून रिसीव्हर २८.१०० मेगाहर्ट्झवर न्या. तुमच्या ७.०२५ चा तो चौथा हार्मोनिक, म्हणजे चौपट. मुळात तीस सायकलची चिव असेल तर तिथे ती एकशेवीस होते, भिंगाखाली धरल्यासारखी. आता क्रमाने निदान करा.

८०७ खोबणीतून पूर्ण काढून ठेवा आणि नुसता ऑसिलेटर कीने वाजवा. (काढलेल्या व्हॉल्व्हमुळे एचटी वाढेल, तेवढं लक्षात असू द्या.) चिव तशीच राहिली तर रोग ऑसिलेटरमध्ये: क्रिस्टल मळलेलं किंवा आळशी, किंवा फीडबॅक जास्त. जुन्या एफटी-२४३ च्या डबीचे तीन स्क्रू काढले की आतली काचेसारखी पट्टी दिसते. तिला कडेने धरून स्पिरिटने धुवा, वाळवा, बोट न लावता परत ठेवा. क्रिस्टलमधून जादा करंट जात असेल तर ते तापतं आणि सुराला घसरगुंडी लागते, फार झालं तर तडकतंही. सिरीजमध्ये साठ मिलीअँपिअरचा छोटा पायलट बल्ब टाका. तो मंद लाल दिसला तर ठीक, लख्ख पेटला तर ६व्ही६ च्या स्क्रीनचं व्होल्टेज कमी करा.

८०७ काढल्यावर चिव गेली, तर दोन शक्यता उरतात. पहिली, आणि तुमच्या सेटमध्ये मला तीच दिसते: एकच सप्लाय दोघांना आहे. की दाबली की ८०७ करंट ओढतो, सहाशेचे साडेपाचशे होतात, त्यासोबत ऑसिलेटरचंही व्होल्टेज बसतं आणि सूर सरकतो. मीटर ऑसिलेटरच्या स्क्रीनवर लावून की दाबा, काटा किती पडतो ते दिसेल. उपाय म्हणजे ऑसिलेटरला व्हीआर१५० चे दोन रेग्युलेटर सिरीजमध्ये लावून तीनशे व्होल्टवर बांधणं. एआर८८ च्या आत असाच एक व्हीआर१५० जांभळा उजेड देत बसलेला दिसेल, तोही रिसीव्हरचा ऑसिलेटर स्थिर ठेवायचंच काम करतो. दुसरी शक्यता, ८०७ ची ट्यूनिंग ऑसिलेटरला खेचते. प्लेटचा गँग डिपच्या जरा अलीकडे-पलीकडे केला की सूर बदलतो का ते ऐका. बदलत असेल तर मधे बफर (दोघांना वेगळं ठेवणारा टप्पा) हवा, किंवा वर म्हटलेली पत्र्याची नळी.

या सगळ्यात कॅथोडमधली की मला अजिबात पसंत नाही. की उघडी असताना तिच्या दोन टोकांमध्ये शंभर व्होल्टच्या वर व्होल्टेज असू शकतं, आणि तुमच्या तारऑफिसच्या कीला सगळीकडे उघडं पितळ आहे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाल्यावर अशा किया बऱ्याच जणांच्या हाती आल्या, वस्तू सुरेखच आहे, पण ती बॅटरीच्या लाइनवर चालायला बनवलेली. शंभर मिलीअँपिअर तोडताना तिचे कॉन्टॅक्ट जळतात, खडबडीत होतात. कीने फक्त एक छोटा रिले किंवा उच्च व्होल्टेजचा मॉसफेट चालवा, कॅथोडचा करंट त्याने तोडू द्या. कीची फ्रेम चॅसीच्या बाजूला. कॉन्टॅक्ट साफ करायला सँडपेपर नको, कोऱ्या कागदाची पट्टी मधे धरून की हलकी दाबायची आणि पट्टी ओढायची. फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, स्प्रिंग बोटाचं वजन जेमतेम परत ढकलेल इतकी. तुमच्या कीचा खुंटा उंच असेल तर ती टेबलाच्या कडेला ठेवून, हात अधांतरी ठेवून मनगटाने वाजवायची आहे. खुंटा बुटका आणि चपटा असेल तर ती टेबलात आत सरकवून पुढचा हात टेबलावर टेकवायची. चुकीच्या जोडीने मनगट दुखतं आणि लोक मोर्सला दोष देतात.

क्लिकबद्दल थोडक्यात. चालू-बंद अगदी चौकोनी झाला की 'टक टक' दोन-तीन किलोहर्ट्झ लांबपर्यंत ऐकू जाते आणि शेजारचे हॅम वैतागतात. चढायला आणि उतरायला प्रत्येकी पाचेक मिलिसेकंद द्या. मिनिटाला बारा शब्दांच्या वेगाला एक टिंब शंभर मिलिसेकंदांचं असतं, त्यात पाच कुणाला जाणवत नाहीत. की-लाइनमध्ये एक चोक आणि कंडेन्सर-रेझिस्टन्सची जोडी, त्यांची मूल्यं सूर ऐकून ठरवा.

अँटेना साधा हाफ-वेव्ह डायपोल. ७.०२५ ला एकूण वीस मीटर तीस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.१५ मीटर. थोडी लांब कापून मग छाटा. अजिंक्यतारा आडवा येईल ही भीती तुम्ही पत्रात लिहिलीय. ४० मीटरवर दिवसा लहर आठ-दहा मीटर उंचीच्या डायपोलवरून जवळपास सरळ वर जाते आणि वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून पुणे, मुंबई, बेळगाव, हैदराबाद असं अंतर झाकते, तिला डोंगराशी देणंघेणं नाही. सूर्यास्तानंतर हळूहळू लांबची स्टेशनं उघडतात. ट्रान्समीटर आणि डायपोलच्या मधे ७ मेगाहर्ट्झचा लो-पास फिल्टर टाकाच. क्लास सीमध्ये चालणारा ८०७ हार्मोनिक्स सढळ हाताने वाटतो.

सेट दोन वेगळे असल्यामुळे अदलाबदलीचा क्रम हाताला बसला पाहिजे: आधी एआर८८ चा स्विच 'ट्रान्स'वर, मग अँटेनाचा चाकू-स्विच ट्रान्समीटरकडे, मग एचटी. परत येताना उलट. एआर८८ ची अँटेना जोडलेली असताना की दाबली तर पुढच्या कॉइलचं काही खरं नाही.

आणि क्रिस्टलवर काम करताना आजच्या काळाचं एक वास्तव. पूर्वी सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) दिल्यावर सगळे बँडभर फिरून उत्तर शोधायचे, कारण प्रत्येकाकडे एक-दोनच क्रिस्टल असायची. आता समोरच्याचा फिल्टर पाचशे सायकलचा असतो, तुम्ही त्याच्यापासून एक किलोहर्ट्झ लांब उत्तर दिलंत तर त्याच्यासाठी तुम्ही नाहीच. म्हणून सध्या दुसऱ्यांना उत्तर देण्यापेक्षा ७०२५ वर स्वतः सीक्यू द्या. क्रिस्टलशी सिरीजमध्ये छोटा ट्रिमर लावलात तर थोडीशी हालचाल मिळते. कुणाशी जुळवायचं असेल तर ८०७ चा एचटी बंद ठेवून नुसता ऑसिलेटर दाबा आणि त्याचा सूर हेडफोनमध्ये समोरच्याच्या सुराइतक्याच उंचीवर आणा. शून्य शिट्टीवर आणलात तर तुम्ही सातशे सायकल बाजूला पडाल. सीक्यू दिल्यावर रिव्हर्स बीकन नेटवर्कवर आपलं कॉलसाइन शोधा. जगभर ऐकत बसलेले ते आपोआप चालणारे रिसीव्हर तुमची फ्रीक्वेन्सी, वेग आणि ताकद दाखवतात. चिव मात्र ते सांगत नाहीत, त्यासाठी कराडचा मित्रच हवा.

वळिवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, ढग दिसले की अँटेनाची केबल सेटमधून काढून घराबाहेर अर्थला. गडगडाट ऐकू आल्यावर नाही, त्याआधी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी दोन्ही सेट तासभर चालू ठेवा, फिलामेंटची ऊब ओल जवळ येऊ देत नाही. जादाचा व्हॉल्व्ह शोधत असाल तर रशियन बनावटीचा जी-८०७ चालतो. १६२५ नावाचा व्हॉल्व्ह कुणी 'हाच तो' म्हणून विकेल. आतून तो खरंच तोच आहे, पण फिलामेंट १२.६ व्होल्टचं आणि खोबण सात पिनांची, तुमच्या चॅसीत बसणार नाही.

वरचं सगळं एका दमात करू नका. पुढचं लिहाल तेव्हा मला हे आकडे पाठवा: ८०७ च्या पिनेवरचं फिलामेंट व्होल्टेज, की दाबलेली आणि सोडलेली असताना एचटी, ८०७ चं स्क्रीन व्होल्टेज, ग्रिड करंट, मिटलेल्या बाजूकडून पहिला डिप डायलवर कुठे पडतो आणि किती खोल जातो, आणि ऑसिलेटरच्या स्क्रीनवरचं व्होल्टेज की दाबल्यावर किती पडतं. २८.१०० वर ऐकलेला सूर मोबाइलवर रेकॉर्ड करून जोडलात तर अर्धं निदान तिथेच होईल.